देवमन गेल्याची खबर

मोर्शीच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत राहणारा गयासुद्दीन मन्सुरी विमा एजंट होता. पॉलिसी विकणारे एजंट तालुक्यात पंचवीस-तीस तरी असतील, पण पॉलिसीवाला मेल्यावर त्याच्या घरी जाणारा हा एकटाच. बाकीचे कसे, पॉलिसी काढेपर्यंत जावयासारखे येऊन चहा पिणार, आणि माणूस मेला की त्यांचा फोन लागणार नाही. गयासुद्दीनचं उलटं होतं. खबर आली की तो कापडी पिशवीत कोरे कागद, कार्बन आणि अंगठ्याचं शाईचं पॅड टाकायचा, जुन्या एम-एटीला चार-पाच लाथा घालून ती सुरू करायचा आणि निघायचा. मेलेल्याच्या ओट्यावर मांडी घालून, कंपनीला पाठवायची खबर स्वतःच्या हातानं लिहायचा. पॉलिसीचा नंबर, मेल्याची तारीख, वेळ, जागा, मृत्यूचं कारण, खाली वारसाची सही आणि एका साक्षीदाराची. हा कागद अमरावतीच्या ऑफिसात पोचला की मग पुढचे फॉर्म निघायचे. तो गेलाच नाही तर पुढचं सगळं अडतं, आणि खोटा गेला तर जन्मभर निस्तरत बसावं लागतं.

बाप पिंजारी होता. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत हिंडायचा, आणि गयासुद्दीन त्याच्या मागं. मशीन आली, पिंजणं बसलं. पोराचं अक्षर मात्र असं की तलाठ्यानं लाजावं. ज्या ओट्यांवर बापानं कापूस पिंजला त्याच ओट्यांवर बसून यानं पॉलिस्या काढल्या. लोक त्याला गयासभाई म्हणत, म्हातारी माणसं नुसतं गयास.

ती सालं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या आणि जिथं पाणी होतं तिथं वीज नव्हती. अशा दिवसांत माणसं गरिबीनं गप्प होतात असं शहरातल्यांना वाटतं. मला त्या शहाण्यांना एकदा गयासुद्दीनचा कार्बनकॉप्यांचा गठ्ठा दाखवायचा आहे. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वीतभर जमिनीवरून डोक्यात फावडं. गाय वावरात शिरली म्हणून बरगड्यांत बैलगाडीच्या उभारीचा दांडा. पाणी तोडलं म्हणून सख्ख्या चुलत्याचा कान विळ्यानं उतरवलेला. बाहेरच्या कोणावर हात उचलायची कोणाची ताकद नव्हती, म्हणून जो तो घरातल्यावर आणि शेजाऱ्यावर उचलत होता.

कारणाच्या रकान्यात गयासुद्दीन घरचे सांगतील ते लिहायचा. कोणी डिवचलं तर म्हणायचा, "मी का पोलीस हाओ? मी लेखनिक." ही त्याची सोय होती. दोन हजार तीन साली एका गावात नवी नवरी जळून मेली. पॉलिसी तिच्या नावची, वारस नवरा. स्टोव्हचा भडका उडाला असं नवऱ्यानं सांगितलं आणि यानं लिहिलं. त्या घरात स्टोव्ह नव्हताच. चूल होती. गयासुद्दीननं ती डोळ्यांनी पाहिली होती, तिच्यावरचा चहाही प्याला होता. सहा महिन्यांनी नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. त्यानंतर एका सोमवारी अमरावतीत ऑफिसच्या पायऱ्या उतरताना एका म्हाताऱ्यानं गयासुद्दीनची कॉलर धरली. तो पोरीचा बाप, शालिकराम, अकोल्याच्या जिनिंगमध्ये सरकी काढायच्या रेचावर काम करणारा. त्यानं पायातली चप्पल काढली आणि भर रस्त्यात ऑटोवाल्यांच्या देखत याच्या तोंडावर हाणत सुटला. शिवी एक दिली नाही. प्रत्येक फटक्याला एकच विचारत होता, "स्टोव्ह कुठी होता? सांग न, स्टोव्ह कुठी होता?"

गयासुद्दीनचा ओठ फाटला, चष्मा फुटला. त्यानं हात वर केला नाही.

तेव्हापासून त्यानं एक रीत धरली. घरचे सांगतील तेच लिहायचं, पण सही घेण्याआधी सगळा कागद मोठ्यानं, जमलेल्या सगळ्यांना वाचून दाखवायचा. ज्याला खोटं वाटेल त्यानं तिथंच बोलावं. हाही उपाय भित्र्या माणसाचाच, मी काही त्याची आरती करणार नाही. स्वतः बोलायचं नाही आणि गावाला बोलायला लावायचं, यात मर्दुमकी कसली? पण तालुक्यातल्या कोणत्या सरकारी माणसानं तेवढंही केलं नव्हतं.

दोन हजार सहाच्या एप्रिलात टेंभझिऱ्याहून फोन आला. बोलणारे गावचे पोलीस पाटील भगवंतराव. तुमचा पॉलिसीवाला देवमन विहिरीवर पडून गेला, आज तिसरा दिवस, राख सावडणं झालं की या, म्हणाले.

त्याची बायको अनीसा मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिनं पाय न थांबवता विचारलं, "कैसे मरा?"

"कुएँ पे गिरा बोलते."

"तुमकू तो हमेशा उसीच दिन बुलाते. इस बार तीसरे दिन?" एवढं बोलून ती पुन्हा धाग्याकडे वळली. वाटभर गयासुद्दीनच्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

देवमन आणि त्याचा थोरला पंजाबराव हे सख्खे भाऊ. बाप गेल्यावर संत्र्याची बाग दोन हिश्श्यांत वाटली गेली, विहीर काही वाटता आली नाही. सामायिक विहीर, एक मोटर, एकच स्टार्टरची पेटी. चार दिवस पाणी थोरल्याचं, चार दिवस धाकट्याचं, अशी पाळी ठरली आणि नऊ वर्षं बिनतक्रार चालली. मग लोडशेडिंग आलं. त्या एप्रिलात, नेमक्या देवमनच्या पाळीत, गावाची डीपी जळाली. तीन दिवस वीज नाही. चौथ्या दिवशी डीपी बसली आणि त्याच दिवशी त्याची पाळी संपली. देवमन म्हणाला, माझे तीन दिवस बाकी आहेत. पंजाबराव म्हणाला, पाळी कॅलेंडरनं चालते, विजेनं नाही. दोघांचीही झाडं वाळत होती, सुपारीएवढी फळं टपटप गळत होती. पंच बसवले असते तर त्यांनाही न्याय करता आला नसता. दोघंही खरे होते, आणि दोघं खरे असले म्हणजे भांडण मिटायला जागाच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला वीज आली. त्यानंतर अर्ध्या तासात देवमन थारोळ्यात पडलेला होता, डोकं फुटून. हौदासारख्या त्या दगडी थारोळ्यात मोटरचं पाणी पडतं. त्याची बायको रागिणी भाकर घेऊन तिथं पोचली होती. ती ओरडत गावात आली, की भासऱ्यानं, थोरल्या दिरानं, पाइप-पाना डोक्यात घातला, मी डोळ्यांनी पाहिलं. पंजाबराव म्हणाला, मी तर सकाळपासून वरुडला होतो. गावानं मान डोलावली. रागिणीला तिच्या सासूनं, चतुराबाईनं, आतल्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. ती आतून दारावर डोकं आपटत होती आणि इकडे दीड वाजता प्रेत उचललं. पोस्टमॉर्टेम नाही, पंचनामा नाही. देवमनला मुलगा नव्हता, म्हणून अग्नी दिला तोही पंजाबरावानंच.

विहिरीवर काय घडलं ते गयासुद्दीनला माहीत नव्हतं. तो पोचला तेव्हा ओट्यावर, अंगणात पन्नासेक माणूस बसलं होतं. नुकते सगळे राख सावडून आले होते. एरवी अशा वेळी माणसं हळू आवाजात मेलेल्याच्या चांगल्या गोष्टी काढतात. इथं कोणी बोलत नव्हतं. भगवंतरावांनी त्याला गाडीवरून उतरताच बाजूला गोठ्यात नेलं आणि साखर घातल्यासारख्या आवाजात सगळं समजावलं.

"छातीत कळ आली, पडला, दगड लागला. अस्सं लिहाचं. तिची सही घ्याची आन् आजच अमरावतीले टाकाचं."

"वहिनी काय म्हन्ते?"

"तिचं डोकं फिरलं. तेच त म्हन्तो. उद्या कोनाच्या नादी लागून ठान्यात गेली, त तिचीच सही तिले आडवी आली पाह्यजे. समजलं का?"

समजलं. न समजायला काय झालं? कंपनीचा कागद त्यांना कंपनीसाठी नकोच होता. त्या बाईचं तोंड तिच्याच हातानं शिवून घ्यायचं होतं, आणि सुई-दोरा गयासुद्दीननं पुरवायचा होता. त्यानं म्हणून पाहिलं की पाटील, मी दोन दिवसांनी येतो. भगवंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटं रुतवली. "गयास, या आठ गावात तुहा धंदा आमच्या शब्दावर चालते. आमी तुले कदी परका मानलं नाही. मानाले लावू नोको."

हा भित्रा माणूस होता, मी आधीच सांगितलं. तो गोठ्यातून बाहेर आला आणि ओट्यावर बसला, कागदात कार्बन घातला. मग म्हणाला, वारसाला समोर आणा, तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला लिहिता येत नाही. हे खोटं होतं. असा कुठलाही नियम नव्हता.

रागिणीला आणलं. भासरा समोर बसलेला, म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढून ती त्याच्याकडे पाठ करून बसली. नवरा मारणाऱ्यासमोरसुद्धा तिनं ती मर्यादा मोडली नाही, इतकी ती हाडात मुरलेली. पदराखालून दिसत होतं ते एवढंच की डाव्या मनगटाला बांगड्यांच्या काचांनी चिरलं आहे आणि गळ्यावर पाचही बोटं उठली आहेत. शेजारी चतुराबाई बसली. म्हातारीचे डोळे कोरडे होते. ती कोणाला तरी सांगावं तशी एकच गोष्ट पुटपुटत होती, "एक त गेला. आता दुसऱ्याले कावून घालवता? एक त राहू द्या माह्यासाठी."

गयासुद्दीननं विचारलं, "वहिनी, कसं झालं?"

ती भिंतीकडे पाहून म्हणाली, "मी सांगतलं त्याईले. त्याईले आयकू नाही आलं. भाऊ, तुमी लिव्हा काय लिव्हाचं ते. तुमी वाचून दाखवता म्हन्तात. वाचून दाखवा, मंग मी पाह्यतो सही कराची का नाही."

भगवंतरावांनी मजकूर सांगायला सुरुवात केली आणि गयासुद्दीन लिहू लागला. अक्षर वळणदार, एकसारखं, शाळेतल्या बोर्डावर लिहावं तसं. मग त्यानं घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. नंबर वाचला, नाव वाचलं, तारीख वाचली.

"सदर दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, पाण्याची पाळी आपली असल्याने, माझे पती देवमन हे मोटर सुरू करण्यास सामायिक विहिरीवर गेले असता, छातीत कळ येऊन थारोळ्यावर..."

"कोनाची पाळी?"

खांबाला टेकून बसलेला पंजाबराव ताठ झाला होता. तीन दिवसांत तो धड चार शब्द बोलला नव्हता.

"कोनाची पाळी लिव्हली तू?"

"देवमनची," गयासुद्दीन म्हणाला.

भगवंतराव म्हणाले, "पंजाब, राहू दे. चालते."

"कसं चालते? कागदावर लिव्हून राह्यला न तो! उद्या हेच दाखवतीन कोर्टात, का विहीर याची होती. खोड ते. त्याची पाळी आदल्या दिवशी सरली. त्या दिवशी माही पाळी होती."

"चूप बस, पंजाब!"

पण तो आता गप्प बसणारा नव्हता. खुनाबद्दल तो तीन दिवस खोटं बोलला होता आणि आणखी तीस वर्षं बोलला असता. पाण्याबद्दल खोटं लिहिलेलं त्याला एक मिनिट सोसवेना. हा आमच्याकडचा माणूस. त्याला फाशीच्या दोरीपाशी उभं करा आणि म्हणा की धुरा दोन वीत इकडे होता, तो दोरी बाजूला सारून मोजायला जाईल.

"मी त्याले धा खेपा सांगतलं," पंजाबराव ओरडला, "का हात काढ स्टार्टरवरून. सरक म्हनलं. पाळी माही हाये. तो म्हने, तुह्या बापाची हाये का मोटर? म्या म्हनलं, तुहा माहा बाप येकच न बे! तरी सरकेना. पेटीले चिपकून उभा. झाडं माही बी मरून राह्यली होती!"

वरुडला गेलेला माणूस स्टार्टरपाशी उभा होता, आणि हे पन्नास जणांनी ऐकलं होतं.

गयासुद्दीननं कागदावरून मान वर केली. ते शब्द त्यानं मुद्दाम लिहिले होते का? भगवंतरावांनी तर सांगितले नव्हते. मी त्याला पुढे कितीदा विचारलं. तो म्हणतो, हातानं आपोआप लिहिलं, मरायच्या आदल्या रात्री हप्त्याचं बोलताना देवमननंच तीन दिवस बाकी असल्याचं मला फोनवर सांगितलं होतं. मला ते पटत नाही. शालिकरामच्या चपलेनं जे शिकवलं ते त्याच्या हातात उतरलं होतं, एवढंच मी म्हणेन. कारण त्यानंतर तो भित्रा माणूस जे बोलला ते आपोआप नव्हतं.

"मंग काय झालं, पंजाबभाऊ?"

"मंग काय? देल्ला..." आणि पंजाबराव थांबला. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं.

पुढचं फार भराभर झालं. भिंतीला टेकलेली बैलगाडीची उभारी त्यानं उपसली. गयासुद्दीननं कागद छातीशी धरून उजवा हात आडवा घातला. वाळलं फाटं मोडावं तसा आवाज झाला आणि हात कोपराखाली लोंबला. दुसरा फटका जबड्यावर बसला. दोन दात आणि रक्त त्याच कागदावर सांडलं. तो ओट्यावरून खाली शेणानं सारवलेल्या अंगणात पडला, आणि पंजाबराव वरून उतरून त्याच्या पाठीत, बरगड्यांत, मांड्यांवर घालत राहिला. "कोनाची पाळी? सांग आता, कोनाची पाळी?" पन्नास माणूस बघत होतं. खरं सांगतो, एकही पुढे झाला नाही. एक विमा एजंट, तोही बाहेरगावचा, त्यासाठी कोण मार खाणार?

पुढे झाली ती रागिणी. ती उठली तेव्हा पदर गळून पडला आणि तिनं तो सावरला नाही. निळा-काळा झालेला चेहरा घेऊन ती उभारीच्या आणि गयासुद्दीनच्या मध्ये उभी राहिली. "मले बी मारा," ती म्हणाली. "उभारी कावून? तो पानाच आना न. त्याच पान्यानं मारा."

पंजाबरावानं डाव्या हातानं तिचे केस धरले, मनगटाला गुंडाळले आणि तिला जमिनीवर आपटलं.

आणि मग गाव उठलं. आता ऐका आमच्या गावांची नीती. खून त्यांनी तीन दिवस पचवला होता, ढेकरही न देता. पण भासऱ्यानं भावजयीच्या केसांना हात घातला? जिच्या सावलीवरून भासरा जात नाही, तिच्या? हे काही कोणाच्या घशाखाली उतरेना. "अबे सोड! सोड तिले!" चौफेर आरडाओरड झाली आणि पन्नास माणसं एकदम पंजाबरावावर पडली. बुक्क्या, लाथा, चपला, हाताला लागेल ते. ज्यांनी परवा घाईघाईनं सरण रचलं होतं तेच सर्वांत पुढे होते. त्याच्या नाकाचं हाड मोडलं, एक डोळा मिटला, कानातून रक्त आलं, तरी ते थांबेनात. आपल्या लाजेचा राग माणूस असा दुसऱ्याच्या अंगावर काढतो. शेवटी बैलाच्या कासऱ्यानं त्याला गोठ्यातल्या खुंट्याला बांधला तेव्हा तो अर्धमेला होता. मरायचा तेवढा राहिला.

भगवंतरावांनी वारा ओळखला. त्यांनी मोबाइल काढला आणि मोर्शी ठाण्याला फोन लावला. आवाज असा, जणू हे सगळं त्यांना आत्ताच कळलं, आणि धक्क्यानं त्यांचं मन हादरलं होतं. अशा माणसांना कधीच काही होत नाही, त्यांनाही झालं नाही.

गयासुद्दीनला कोणीतरी भिंतीला टेकवून बसवलं. त्यानं रक्ताची चूळ टाकली. जीप यायला तास होता, त्याला दवाखान्यात हलवायला ऑटो शोधत होते. रागिणी त्याच्याजवळ आली. कपाळावरून रक्त ओघळत होतं, तिनं ते मनगटानं पुसलं. पिशवीतला कोरा कागद काढून म्हणाली, "भाऊ, हात तुमचा मोडला, माहा नाही. धावी पास हाओ मी. काय लिव्हाचं ते तोंडानं सांगा. मी आत्ताच लिव्हतो."

"पोलीस येतीन वहिनी. ते लिव्हतीन."

"पोलीस त्याईच्या मनानं लिव्हतीन. मले माह्या नवऱ्याच्या मरनाची खबर माह्या हातानं देऊ द्या. हे लोकं संध्याकाळी पुन्हा बदलतीन."

तिचं खरं होतं. अंगणातली गर्दी आत्ताच पातळ होऊ लागली होती. गयासुद्दीन फुटक्या तोंडानं एकेक शब्द सांगत गेला आणि ती मांडीवर कागद धरून लिहीत गेली. कारणाशी आल्यावर त्यानं थांबून तिच्याकडे पाहिलं. ते तिनं विचारलं नाही. स्वतःच लिहिलं: त्यांचे मोठे भाऊ पंजाबराव यांनी पाण्याच्या पाळीच्या भांडणात डोक्यात लोखंडी पाना मारला, त्यामुळे मरण पावले. मी समक्ष पाहिले. खाली सही केली. मग ती उठून मोठ्यानं, कागद दोन्ही हातांत धरून, सगळा मजकूर वाचून गेली.

"साक्षीदार पाह्यजे एक," गयासुद्दीन म्हणाला.

जे मघाशी पंजाबरावाची हाडं मोडत होते त्यांना एकदम कामं आठवली. कोणाचं ढोर सुटलं, कोणाचा नंबर पाण्याला लागला. मारायला पन्नास होते, सहीला एक नव्हता. सही म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे दहा वर्षं, आणि भावकीत जन्माचं वैर. रागिणी एकेकाच्या तोंडासमोर कागद धरून फिरली. माणसं जमिनीकडे पाहत निघून गेली.

चतुराबाई एवढा वेळ ओट्याच्या कडेला बसून होती. गोठ्यातून पंजाबराव कण्हत होता. "माय," तो म्हणत होता, "माय, पानी दे वं."

म्हातारी उठली. तिनं माठातून तांब्या भरला आणि गोठ्यात गेली. खाली बसून तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, घोट घोट पाणी पाजलं, पदरानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं. तांब्या रिकामा होईपर्यंत बसली. मग त्याचं डोकं हळूच भुईवर ठेवून ती बाहेर आली आणि गयासुद्दीनसमोर बसली.

"शाई कुठी हाये तुही?"

रागिणीनं साक्षीदाराच्या ओळीत सासूचं नाव घातलं आणि पॅड उघडून पुढे केलं. परवाच याच सासूनं तिच्यावर कडी घातली होती. म्हातारीनं अंगठा पॅडवर दाबला आणि मग तो हवेत धरून थांबली.

"माहं काय लिव्हलं याच्यात?"

"साक्षीदार," गयासुद्दीन म्हणाला. "नाव, आन् मेलेल्याशी नातं. नात्यात आई लिव्हलं."

"कोनाची आई?"

"देवमनची."

"तसं नोको लिव्हू," चतुराबाई म्हणाली. "मारला त्याची बी मी, आन् मेला त्याची बी मीच. दोघाईची माय लिव्ह."

साक्षीदाराच्या ओळीत तेवढी जागा नव्हती. रागिणीनं ते कागदाच्या कडेला, उभं करून लिहिलं, आणि म्हातारीनं त्याच्या खाली अंगठा दाबून धरला.